पालथा मँटिस

१

पेटीत टाचणी होती. टाचणीत ओवलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठ्यांखाली चिमूटभर भुगा होता. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो मँटिस नावाचा किडा मात्र पेटीत नव्हता.

तपासनीस बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मिळालं त्या स्टुलावर बसकण मारली. कीटकसंग्रह दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्यांचा उजवा गुडघा एका मजल्यापुरताच शिल्लक होता. जिन्याच्या मध्यावर त्या थांबल्या होत्या तेव्हा समोर एक काचेचं कपाट आलं होतं. आत कापडाच्या आणि मेणाच्या गुलाबी फुलांचा भला मोठा घोस, त्यात फुलांसारखेच दिसणारे मँटिस लपवलेले. खाली मुलांसाठी पाटी : ‘पाच मँटिस लपलेत, शोधा पाहू!’ गुडघ्याची कळ ओसरेपर्यंत त्यांनी पाचही शोधले. एका फुलाची एक पाकळी सुकून तपकिरी पडली होती. ती पाहून त्यांना घरच्या गच्चीतल्या कुंड्या आठवल्या, चार दिवस पाणी न घातलेल्या, आणि त्या उसासा टाकून पुढच्या पायऱ्या चढल्या.

“असा हा एकच होता?” त्यांनी विचारलं.

“जगात,” संग्रहपाल म्हणाला. पंचेचाळिशीचा, खांदे पडलेला माणूस. बोटांना डांबरगोळ्यांचा वास कायमचा मुरलेला. “नवी जात सापडली की एका किड्यावरून तिचं वर्णन लिहितात. तो मूळ नमुना. पुढे कुणाला शंका आली की ही जात म्हणजे नक्की कोण, तर त्याच्याकडे बोट दाखवायचं. तोच नसला तर बोट दाखवायचं कुठे?”

“आणि शंका आली होती?”

“आज दुपारी एक संशोधक बाई तो तपासायला आल्यात. त्यासाठीच सकाळी पेटी उघडली.”

बाईंच्या पिशवीत चौकशीचा अहवाल टाइप होऊन तयार होता. ‘सही तेवढी करून या,’ साहेब म्हणाले होते. कीड लागून नमुना नष्ट, संग्रहपालाची हलगर्जी, सबब त्याला कामावरून कमी करावं, संग्रह बांधून गोदामात टाकावा आणि खोल्या कार्यालयाला द्याव्यात. चौकशीच्या आधी अहवाल लिहिण्याची साहेबांची पद्धत नवी नव्हती. बाईंनी त्यावर चिडणं कधीच सोडून दिलं होतं.

त्यांनी भुग्यात बोट टेकवून पाहिलं आणि रुमालाला पुसलं.

“कीड लागली म्हणता.”

“लागते. केसाळ अळी असते. आतून पोखरत जाते, खाली असा भुगा पडतो.”

“म्हणजे तुमचं दुर्लक्ष झालं.”

“हो,” संग्रहपाल म्हणाला. “माझंच.”

बाईंनी मान वर केली. पंखे, सिमेंटच्या गोण्या, एकदा तर माळ्याचा अख्खा पाइप; गहाळ झालेल्या वस्तूंच्या मागे त्यांची नोकरी गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्याच प्रश्नाला ‘हो, माझंच’ म्हणणारा माणूस त्यांना भेटला नव्हता. इतक्या लगेच दोष घेणारा माणूस बहुधा दुसऱ्याचा दोष घेत असतो.

२

संशोधक बाई वाचनखोलीत येरझाऱ्या घालत होती. तिशीची असेल. खांद्यावरची पिशवी तिने अजून खाली ठेवली नव्हती.

“मी येणार हे कळवलं आणि आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेला किडा भुगा झाला,” ती म्हणाली. “योगायोगच म्हणायचा!”

“मला किड्यांतलं काही कळत नाही,” तपासनीस बाई म्हणाल्या. “मुलांना सांगता तसं सांगा. आणि बसून सांगा, तुम्ही फिरताय आणि गुडघा माझा दुखतोय.”

ती हसली आणि बसली.

“फूलमँटिस म्हणजे प्रार्थना कीटकांतलाच प्रकार. मादी गुलाबी-पांढरी, पायांना पाकळ्यांसारखे पसरट भाग. फांदीवर नुसती बसून राहते. माश्यांना ती फूल वाटते, त्या आपण होऊन तिच्या तोंडाशी जातात. अंगाने जड, उडायचं नाव नाही. नर तिच्या निम्माही नसतो. काटकुळा, पंख मळके. संध्याकाळ झाली की हा उडत उडत बायको शोधायला निघतो. दोघांना शेजारी ठेवलं तर नवरा-बायको आहेत हे शपथेवर सांगूनही पटायचं नाही.”

“अशी माणसंही पाहिलीत मी.”

“तेच तर! म्हणून वर्गीकरणात ही चूक वरचेवर झालीय. नर एका जातीत टाकायचा, मादी दुसरीत. इथल्या सरांनी तीस वर्षांपूर्वी एका लहानशा मँटिसवरून नवी जात जाहीर केली. मादी म्हणून. त्यांच्या बायकोचं नाव दिलं तिला. मला वाटतं ती मादी नाहीच. ओळखीच्याच जातीचा नर आहे तो.”

“आणि तसं निघालं तर?”

“तर ती जात बाद. त्या नावाची जात जगात नाही.”

“हे ओळखायचं कसं?”

“सोपं आहे. पोट खालून पाहायचं. मादीच्या पोटाला सहा खंड दिसतात, नराच्या आठ. मिशांवरूनही कळतं, पण याच्या दोन्ही मिशा तुटल्यात.”

“मग तीस वर्षांत कुणी पोट मोजलं नाही?”

“मोजणार कसं? तो पालथा आहे. एवढा किडा सरळ टाचणीने टोचतात. मुंगीएवढे असतात ते कार्डाच्या तुकड्यावर चिकटवतात आणि टाचणी कार्डाला टोचतात. याला मात्र कार्डावर पोटावर झोपवलाय. सोडवायचा तर मोडायची भीती, म्हणून कुणी हात लावला नाही. माझ्याकडे डिंक सैल करायची नवी पद्धत आहे.”

तपासनीस बाईंच्या डोळ्यांपुढे पेटी आली. टाचणी. दोन चिठ्ठ्या. भुगा.

“मला एक सांगा,” त्या सावकाश म्हणाल्या. “ही अळी पुठ्ठ्याचं कार्डही खाते का?”

“छे! कार्ड आणि डिंक सोडून बाकी सगळं खाईल.”

पेटीत कार्ड नव्हतं.

३

सर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी रोज यायचे. चष्म्याची भिंगं इतकी जाड की डोळे काचेपलीकडच्या माशांसारखे दिसत. शेजारी त्यांची पत्नी बसून कुठलासा लेख वाचून दाखवत होती. तिला सगळे काकू म्हणत. संग्रहातली चित्रं आणि खालच्या कपाटातली फुलं काकूंच्याच हातची.

“चहा आणते,” म्हणत काकू उठल्या आणि तपासनीस बाईंकडे न पाहता बाहेर गेल्या.

“मँटिसबद्दलच ना?” सर म्हणाले. “आमची शेवटची मोहीम होती ती. पैसे संपलेले, हाती शून्य. परत जाऊन काही दाखवलं नसतं तर माझी जागा गेली असती. सामान बांधत होतो. तंबूबाहेर कंदील लावलेला. तर टप्पकन काहीतरी काचेवर आदळलं. एकदा, दोनदा, तीनदा. हिने पेला पालथा घालून पकडला. भिंगाखाली धरला, पोट पाहिलं आणि म्हणाली, मादी आहे, सहा. मी लिहिलं.”

“तुम्ही पाहिलं नाहीत?”

सरांनी चष्म्याच्या काडीवर बोट ठेवलं.

“माझे डोळे तेव्हाच कामातून गेले होते. हे बाहेर सांगण्यासारखं नव्हतं. कीटकशास्त्रज्ञ आणि कीटक दिसत नाही! आमची वाटणी होती. ती बघायची, मी लिहायचो. माझ्या नावावर ज्या जाती आहेत, त्या सगळ्या तिने पाहिल्यात.”

“म्हणजे ही एक खोटी निघाली तर बाकीच्यांवरही शंका.”

“हुशार आहात.” ते पुढे वाकले. “म्हणून ऐका. तो मी घेतला. त्या पोराला जाऊ द्या, त्याला दोन मुली आहेत. मी चोरला आणि जाळून टाकला. लिहून घ्या.”

“त्याच्या जागी पेटीत काय ठेवलंत?”

“काय ठेवणार? काही नाही. रिकामी सोडली.”

“भुगा?”

“कसला भुगा?” सरांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर आपण फसलो हे त्यांच्या लक्षात आलं. ते मागे टेकले. “तुम्ही माझी विद्यार्थिनी नव्हतात हे बरं झालं. फार त्रास दिला असतात.”

तपासनीस बाईंना एकदम थकवा आला. संग्रहपालाला वाटत होतं सरांनी केलं, म्हणून तो दोष घेत होता. सरांना वाटत होतं संग्रहपालाने त्यांच्यासाठी केलं, म्हणून ते गुन्हा कबूल करत होते. एकमेकांसाठी धडाधड खोटं बोलणाऱ्या भल्या माणसांपेक्षा पंखे चोरणारे परवडले, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल उघडला.

खिडकीतल्या उन्हात रुमालावरचा भुग्याचा डाग निळा चमकला.

४

काकूंची खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ होती. टेबलावर रंगांच्या वाट्या, तारा, मेणाचे गोळे, कापडाच्या कापलेल्या पाकळ्या. भिंतीशी फुलपाखरांच्या दोन जुन्या पेट्या होत्या. दोन्ही किडीने खाऊन टाकलेल्या. आत पंखांचे तुकडे आणि भुगा.

“फेकून देणार होते, मी मागून घेतल्या,” काकू म्हणाल्या. “रंग जुळवायला बरे पडतात. चहा तिकडेच पाठवला होता की.”

“प्यायला मी. साखर कमी होती.” तपासनीस बाईंनी रुमाल टेबलावर पसरला. “मँटिसच्या अंगावर असा निळा असतो का हो, काकू?”

काकूंनी डागाकडे पाहिलं. मग कात्री उचलून एक पाकळी कापायला घेतली.

“तुम्ही पंखे शोधायचात म्हणे,” त्या म्हणाल्या.

“सापडले होते.”

“कुठे?”

“साहेबांच्या मेव्हण्याच्या मंगल कार्यालयात. तेव्हापासून मला किडे शोधायला पाठवतात.”

काकू खुदकन हसल्या आणि कात्री थांबली.

“मी बोलते, तुम्ही फक्त चुकलं तर सांगा,” तपासनीस बाई म्हणाल्या. “पेटीतला भुगा फुलपाखरांचा आहे. मँटिसच्या पंखांना असली चमकदार पूड नसते. हा भुगा इमारतीत सहज हाताशी आहे तो तुमच्याकडे. शिवाय कार्ड नाहीसं झालंय. किडीने कार्ड खाल्लं नसतं, आणि नष्टच करायचा असता तर चिमटीत चिरडला असता, काम झालं असतं. ज्याने नेला त्याने टाचणीवरून कार्ड अलगद उतरवलं, चिठ्ठ्या पुन्हा नीट ओवल्या. त्याच्या हाताला हे रोजचं आहे आणि किडा मोडायचं त्याच्या जिवावर आलंय. संग्रहपालाने नेला असता तर आपल्या अंगावर शेकणारी कीड त्याने दाखवली नसती. संशोधक पाहुणीला तो शाबूत हवाय. सरांना भुग्याचा पत्ता नाही. उरलं कोण?”

“टाचणी जरा वाकडी झाली माझ्याकडून,” काकू म्हणाल्या. “हात कापतात आता.”

“पालथाही तुम्हीच चिकटवला होतात.”

“त्याच रात्री. आणि मिशा तोडल्या.” त्यांनी कात्री खाली ठेवली. “भिंगाखाली मोजले. आठ. पुन्हा मोजले, आठच. वर पाहिलं तर हे पेटीवर बसलेले, कान माझ्याकडे. नोकरी जाणार हे दोघांना ठाऊक होतं. माझ्या तोंडून ‘सहा’ निघून गेलं. आयुष्यात तेवढं एकदाच. बाकी सगळ्या जाती घ्या, भिंग घ्या, मोजा. पण यांनी त्याच जातीला माझं नाव दिलं! सगळ्या खऱ्या सोडून त्या एका खोटीला. आता या वयात त्यांना कळायला नको, एवढंच होतं माझ्या मनात.”

“आणि संग्रहपाल?”

“कीड लागली म्हटलं की कुणाचाच दोष नाही, असं वाटलं मला.”

“काकू, कागदावर कीड नेहमी कुणाची तरी असते.” त्यांनी पिशवीतून अहवाल काढून समोर ठेवला. काकूंनी तो वाचला. दोन मुलींच्या बापाचं काय होणार ते त्यात तीन ओळींत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“हे मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पण मी तो आणून दिला तर यांना कळेल.”

“नाही दिलात तर मला यावर सही करावी लागेल.”

टेबलावर गुलाबी पाकळ्यांचा ढीग पडला होता, ताज्या फुलांसारखा. तपासनीस बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. गच्चीतल्या कुंड्या त्यांना पुन्हा आठवल्या.

“या पाकळ्या कशाच्या करता?”

“कापड. वरून मेण.”

“मग मला सांगा,” तपासनीस बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, “कापडाचं फूल सुकतं का हो?”

५

जिन्याच्या मध्यावर पाच माणसं दाटीने उभी राहिली. संग्रहपालाने कपाटाचं कुलूप काढलं. काकूंनी हात आत घातला आणि घोसातली ती तपकिरी पाकळी तारेसकट उचलली. पाकळीच्या आकारात कातरलेलं जुनं कार्ड होतं ते, आणि त्यावर पालथा पडलेला, रंग उडून गवताच्या काडीसारखा झालेला मँटिस. येणारी-जाणारी मुलं त्याच्यासमोर पाच मोजून पुढे गेली होती.

“फुलात लपवला,” पाहुणी पुटपुटली. “कमाल आहे.”

“मग कुठे लपवणार?” काकू म्हणाल्या. “त्याची जागाच ती.”

वर नेऊन पाहुणीने कार्डाच्या कडेने कोमट पाण्याचे थेंब सोडले, त्यात तिच्या कुपीतलं काहीतरी मिसळलं आणि सगळे वाट पाहत बसले. संग्रहपाल खिडकीबाहेर बघत होता. सर आरामखुर्चीत डोळे मिटून होते. काकू त्यांच्यापासून लांब, दारापाशी उभ्या होत्या, कुणीतरी आत बोलावण्याची वाट पाहावी तशा.

डिंक सुटला. पाहुणीने ब्रशने किडा उलटा केला आणि भिंगावर वाकली.

“आठ,” काकूच म्हणाल्या. “मोजू नकोस, पोरी. आठ आहेत. मी यांना सहा सांगितले होते.”

पाहुणीने तरीही मोजले आणि मान डोलावली.

काकू सरांकडे पाहू शकल्या नाहीत. तपासनीस बाईंनी मात्र पाहिलं. सरांनी डोळे उघडले नव्हते. त्यांच्या तोंडावर धक्का नव्हता, राग नव्हता. बाईंना कंदील आठवला.

“सर,” त्या म्हणाल्या, “या बाईंनी मला सांगितलं की मादी जड असते, एका जागी बसून राहते. उडत फिरतो तो नर. आणि तुम्ही मला सांगितलंत की तो दिव्यावर आदळला. तीनदा.”

सरांनी डोळे उघडले.

“मी तुम्हाला उगीच हुशार म्हणालो,” सर म्हणाले. “तोंड बंद ठेवता येत नाही तुम्हाला.”

“म्हणजे?” काकू दारातून पुढे आल्या. “तुम्हाला माहीत होतं?”

“डोळे गेले होते, कान नव्हते गेले. तो काचेवर आपटला तेव्हाच नर आहे हे कळलं होतं. मग तू म्हणालीस सहा.”

“मग बोलला का नाहीत? लिहिलंत कशाला?”

“तू कधी खोटं मोजलं नव्हतंस. त्या दिवशी माझ्यासाठी मोजलंस. ते काय मी खोडून काढू? बाकी सगळ्या जाती तू पाहिलेल्या, पण त्या माझ्या नावावर लागल्या. हीच काय ती तू एकटीने केलेली होती. म्हणून हिला तुझं नाव दिलं.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “तीस वर्षं मी त्या पेटीजवळून जाताना मान फिरवून जाते आणि तुम्ही—”

“मीही.”

“मूर्ख आहात.”

“दोघंही,” सर म्हणाले.

६

पाहुणी बराच वेळ ब्रश हातात घेऊन बसली होती. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण तिच्या तोंडावर आनंद दिसत नव्हता.

“मला हे लिहावंच लागेल, सर,” ती म्हणाली. “जात बाद होईल.”

“लिहायलाच हवं. आणि उरलेल्या सगळ्यांची पोटं मोज. एकही चुकलेलं निघायचं नाही, तिने पाहिलेत ते.”

“मोजते.” मग ती काकूंकडे वळली. “नाव मात्र पुसलं जात नाही हं, काकू. एकदा दिलेलं नाव कायम राहतं. खऱ्या नावाखाली, त्याचंच दुसरं नाव म्हणून. पुढे जो कुणी हा मँटिस अभ्यासेल त्याला ते वाचावं लागेल.”

“खाली?” काकूंनी विचारलं.

“खाली.”

“असू दे,” सर म्हणाले. “घरात मी इतकी वर्षं हिच्या नावाखालीच राहतोय. काही बिघडत नाही.”

काकू हसल्या नाहीत. पण त्या जाऊन त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसल्या.

तपासनीस बाईंनी टाइप केलेला अहवाल उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं : ‘नमुना शाबूत सापडला. सजावटीच्या साहित्यात मिसळला गेला होता. कीड नाही. हलगर्जी नाही. सबब संग्रह हलवण्याचं कारण उरत नाही.’ साहेब संतापतील, पुढच्या खेपेस यापेक्षाही भिकार काम देतील, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी सही केली.

“सजावटीत मिसळला हे काही खोटं नाही,” त्या संग्रहपालाला म्हणाल्या. “आणि पुन्हा मी विचारलं तर एवढ्या लगेच ‘हो’ म्हणत जाऊ नका. आमच्या पोटावर पाय येतो.”

संग्रहपालाने त्यांची पिशवी उचलली आणि तो जिन्यापर्यंत सोबत आला.

मध्यावर त्या पुन्हा थांबल्या, गुडघ्यासाठी. कपाटात घोस होता तसाच होता, एका फुलाची एक पाकळी कमी. त्या रिकाम्या जागेतून आतली तार दिसत होती.

“काकू नवी पाकळी लावतील,” संग्रहपाल म्हणाला.

“लावू दे सावकाश,” तपासनीस बाई म्हणाल्या आणि कठडा धरून उतरू लागल्या. अंधार पडायच्या आत घरी पोचून कुंड्यांना पाणी घालायचं होतं.